आबेदा मॅडमची घडीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची लोखंडी खुर्ची आहे. वजन साडेचार किलो. उघडताना उजव्या रिव्हेटमधून कर्र असा आवाज येतो. पण माझ्यापेक्षा मला आबेदा मॅडमविषयी सांगायचं आहे. त्या आता नाहीत.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ पाशामियाँचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे मी घडले. १९९३ साली भूकंप झाला, तेव्हा त्यांची मुलगी आबेदा मनाच्या आजारांचं शिक्षण नुकतंच संपवून आली होती. ती लातूरकडे कामाला निघाली. तिथे बसायलाही काही नसेल म्हणून पाशामियाँनी दोन खुर्च्या पुढे केल्या. तिने एकच उचलली. दुःख सांगणारा वर बसेल आणि मी खाली, असं तिचं म्हणणं होतं. तो नियम तिने पुढे कायम पाळला.

औसा तालुक्यातल्या एका गावात धोंडप्पा नावाचे शेतकरी होते. भूकंपात दगडी भिंत कोसळून त्यांची बायको गेली. पुढे सरकारने नवं पक्कं घर बांधून दिलं. धोंडप्पांनी त्यात कडबा भरला आणि स्वतः बाहेर बाजेवर झोपू लागले. त्या गावात बरेच जण तसंच करत. मॅडमनी कोणालाही आत ढकललं नाही. दारापासून बारा हात मोजून त्यांनी मला ठेवलं आणि माझ्या पायांभोवती चुन्याने खुणा केल्या. दर आठवड्याला मी हातभर पुढे सरके. मी सरकले की धोंडप्पा सरकत.

"मॅडम, खुर्ची चालायलीय का मी?" ते एकदा म्हणाले.

मध्ये एकदा जमिनीला जरासा हादरा बसला आणि आम्ही पुन्हा आठ हातांवर गेलो. मॅडमनी वहीत तेवढं टिपलं आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. सतराव्या आठवड्यात मी उंबरा ओलांडला. धोंडप्पांनी स्लॅबकडे बराच वेळ पाहिलं आणि आतली सळई किती जाड आहे, असं विचारलं. मॅडमना ते माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला त्या इंजिनिअरला विचारून आल्या. आकडा ऐकल्यावरच धोंडप्पांनी कडबा बाहेर काढला.

मग मॅडमनी लातुरात एक खोली घेतली. शहरात शिकवण्यांच्या इमारती वाढत होत्या. रेणापूर, अर्धापूर, कुठून कुठून मुलं डॉक्टर व्हायला येत. काहींची झोप उडे, काहींचं जेवण सुटे. नावं नोंदवायला शेषेराव होते. मॅडम समोर चटईवर बसत आणि मुलांना पहिल्यांदा झोप आणि जेवण विचारत. त्यांचे सत्कार झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत माझा एक पाय तेवढा आला होता.

याच काळात मॅडमचा मुलगा जीशान बारावीला होता. तो घरी गप्प असे. अभ्यास करतोय, असं मॅडमना वाटे. दुसऱ्यांच्या मुलांमधली हीच खूण त्या लगेच ओळखत. आपल्या घरात मात्र त्यांनी तिला शहाणपण मानलं.

एका दुपारी शेषेराव वही घेऊन आत आले, पण नाव वाचेनात.

"मॅडम, पुढचं नाव आपल्या लेकराचं हाय," ते शेवटी म्हणाले.

जीशान आला आणि माझ्यावर बसला. शिकवणीत दर रविवारी होणाऱ्या परीक्षेत त्याचा क्रमांक घसरला होता. त्याला वरच्या तुकडीतून खाली बसवलं होतं. तीन आठवडे तो जुन्याच वेळेला घरातून निघत होता आणि बसस्टँडवर बसून राहत होता. मॅडमनी विचारलं, की हे घरी का नाही सांगितलंस.

"घरी तू दमलेली असतेस, अम्मी. इथं नंबर लागला की तू ऐकतेस."

मॅडमनी स्वतःची बाजू मांडली नाही. इतर मुलांना विचारत तसं त्यांनी सरळ विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात आलं का?"

त्याने मान हलवली. हो.

"बरं झालं सांगितलंस. पण मी तुझी मॅडम होऊ शकत नाही, बेटा. आईला ते नीट जमत नाही. ते काम दुसऱ्या डॉक्टर करतील, आणि आजच. मी तुझी अम्मी. मी कुठं जात नाही."

शेषेरावांनी उरलेल्या मुलांना एकेकाला विचारलं, की उद्या आलं तर चालेल का. ज्यांना थांबवणं बरं नव्हतं, त्यांना मॅडमच्या सहकारी बाईंकडे पाठवलं. त्या दुसऱ्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच इमारतीत खाली होता. तिथली बाकडी भरलेली होती, म्हणून मॅडमनी मला काखेत मारलं. जीशान आत गेला, दार लागलं, आणि मॅडम पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या. पन्नास मिनिटं. दार उघडून आत पाहायला त्या एकदाही उठल्या नाहीत.

पुढे आठ महिने आम्ही दर बुधवारी तिथे जाऊन बसलो. त्या दिवशी मॅडम दुसरं कोणतंच काम घेत नसत. जीशानने वर्षभर परीक्षा बाजूला ठेवली. नंतर त्याने नांदेडला संख्याशास्त्र घेतलं. आज तो हसतो, जेवतो, कधी चिडतोही. मॅडम दोन वर्षांपूर्वी आजाराने गेल्या. शोकसभेत सगळ्यांनी मॅडमनी बऱ्या केलेल्या माणसांची संख्या सांगितली. जीशानने त्या बुधवारांविषयी सांगितलं.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा तेल द्या, माझं भागतं. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. घरातलं कोणी गप्प झालं, तर ते शहाणं झालं असं धरून चालू नका. शेजारी बसा आणि विचारा. आणि ते गप्प झालेलं माणूस तुम्हीच असाल, तर कोणाच्या लक्षात येईल याची वाट पाहू नका. प्रत्येकाच्या लक्षात येतंच असं नाही. आबेदा मॅडमच्याही आलं नव्हतं. वहीत आपलं नाव जीशानने स्वतः येऊन नोंदवलं, म्हणून तो आहे.