आमच्या दोघांत एकच पाय

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला ब्रेक आहे. चालवणाऱ्याच्या पायाखालचं मधलं पेडल, तो मी. वय बरंच झालं, पण अंगावरचं रबर अजून कोरं करकरीत आहे. तुम्ही म्हणाल, नशीबवान आहेस! जळला मेला तो कोरेपणा. ज्याला कुणी विचारतच नाही, तो झिजणार तरी कसा?

एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी, त्याच पेटीत माझा धाकटा भाऊ होता, अ‍ॅक्सिलरेटर. मी आडवा, दणकट. तो उभट, सडपातळ. गाडीत आम्हाला शेजारीशेजारी बसवलं. डावीकडच्या क्लचबाईंना मालकांचा अख्खा डावा पाय मिळाला. आम्हा दोघांत मात्र मिळून एकच, उजवा. भांडणाचं मूळ तिथंच आहे.

मालक आणि मालकीणबाईंचा केकचा धंदा. बाई केक करायच्या आणि मालक ते घरोघरी पोचवायचे. वेळेवर निघणं मालकांना उभ्या जन्मात जमलं नाही. निघायचं उशिरा आणि भरपाई करायची रस्त्यावर. त्यामुळे पाय सदानकदा धाकट्याच्या अंगावर. "पळ राजा, पळ!" हे लाडसुद्धा त्याचेच. मला कधी कुणी राजा म्हटलं नाही. समोर कुणी आडवं आलं की माझी आठवण व्हायची आणि फाडकन लाथ बसायची. मग मागच्या डब्यात केक घसरायचा, क्रीमची फुलं झाकणाला चिकटायची आणि मालक ओरडायचे, "काय दळभद्री ब्रेक आहे!" करून जायचा तो, नाव माझं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे दंड यायला लागले. कधी लाल सिग्नल तोडला म्हणून, कधी शाळेजवळ वेग वाढवला म्हणून. "अहो, जरा हळू चालवा ना," बाई म्हणायच्या. "भरला ना दंड? मग विषय संपला," मालक म्हणायचे. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. होऊ दे लाडक्याची फजिती!

विम्याची मुदत संपत आली तेव्हा विमावाले काका गाडी बघायला आले. दार उघडून त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"ब्रेकचं रबर नवीन टाकलंत का?"

"छे हो, पहिल्यापासूनचंच आहे."

"अस्सं! मग बरोबर आहे. यंदा तुमचा हप्ता जवळजवळ दुप्पट झालाय."

मालक उसळले. "का म्हणून? एक अपघात नाही. दंडसुद्धा सगळे भरलेत!"

"दंड भरला, पण नोंद राहते ना. इतके नियम मोडणारा आज ना उद्या धडकणार, असं विमा कंपनी धरून चालते. धोका वाढला की हप्ता वाढतो."

बाईंचा चेहरा उतरला. "एवढा हप्ता आपल्याला झेपायचा नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आता केक काय डोक्यावरून न्यायचे?"

"गाडी विकून टाकू," मालक पुटपुटले.

विकायची! इतकी जुनी गाडी भंगारवाल्याशिवाय कोण घेणार? माझ्या आनंदावर विरजण पडलं. धाकटा बुडाला की त्याच्याबरोबर मीही बुडणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकांनी बाईंना विचारलं, "ताई, तुमचं लायसन्स आहे ना?"

"आहे की. एकही दंड नाही. पण हे मला चालवायला देतील तर शपथ!"

"मग गाडी तुमच्या नावावर करा आणि तुम्हीच चालवा. हप्ता बराच उतरेल. पण हं, कागदावर तुम्ही आणि रस्त्यावर हे, असलं चालायचं नाही."

मालकांनी बराच वेळ किल्ली मुठीत फिरवली. मग बाईंच्या हातात दिली. गाडी वाचली, धंदाही वाचला.

मला वाटलं, आता माझं राज्य आलं! कसलं काय! बाई लांबूनच सिग्नल हेरतात आणि धाकट्यावरचा पाय नुसता उचलतात. गाडी आपली आपण मंदावते. अगदी शेवटी माझ्यावर पाय टेकतात, तोही अलगद. केकवरचं एक फूल हलत नाही. लाथा थांबल्या, शिव्या थांबल्या, पण पायाचा मोठा वाटा अजून धाकट्याचाच.

तरी हल्ली मी त्याच्यावर तेवढा जळत नाही. मी जळतो एका चटईवर. मालक आता मांडीवर केकचा डबा धरून शेजारच्या सीटवर बसतात. वळण आलं, चौक आला की घाबरून उजवा पाय खाली दाबतात. "अहो, तिथे काही नाहीये!" बाई हसतात. मालक ओशाळतात आणि पुढच्या चौकात पुन्हा दाबतात. तिथली चटई झिजून भोक पडलंय. इतकी वर्षं मी त्याच पायाजवळ होतो. आता तो मला शोधतो, आणि तेही मी नाही तिथे.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती गाडी येईल. धाकट्याचे लाड करा, माझी ना नाही. पण माझी आठवण मी पायाखाली आहे तोवरच काढा.