खंडेनवमीला थांबवलेला सर्व्हर

मी एक जुना राखीव सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना लागेल ती माहिती पुरवणारा मोठा संगणक. १९९८ साली शेवगावकडच्या एका साखर कारखान्यात मी आणि माझा जुळा भाऊ एकाच टेम्पोतून आलो. पुण्याच्या इंजिनियरने आम्हाला केबलने जोडले आणि कामे वाटून दिली. भाऊ मुख्य, मी राखीव. वजनकाट्यावर उसाची गाडी चढली की वजन भावाकडे जाई आणि त्याची नक्कल माझ्याकडे येई. तो बंद पडला तर मी आपोआप त्याची जागा घ्यायची, असे ठरले होते. जोडणीच्या दिवशी चाचणी म्हणून मी अकरा मिनिटे मुख्य झालो. फुशारकी वाटेल, पण एकही वजन चुकले नाही.

त्यानंतर नुसते बसून राहणे. खोलीला जाड काच, दाराला कुलूप. आम्हा दोघांत पडदा, म्हणजे मॉनिटर, एकच, तोही भावाला जोडलेला. पाहुणे आले की कौतुक त्याचेच, आणि चहाचे कप मात्र माझ्या डोक्यावर. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू?

आमची देखभाल कानिफनाथ करायचे. माणूस श्रद्धाळू. खंडेनवमीला अवजारे धुऊन पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचे नाही, ही आपल्याकडची रीत. पण उसाच्या नोंदी चालू होत्या, दोघांना सुट्टी कशी देणार? त्यांनी भावाला कुंकू लावून माफी मागितली आणि मला हुकूम दिला, 'थांब'. म्हणजे मी चालू राहायचे, नकला घ्यायच्या, पण भावाची जागा घ्यायची नाही. मग मला झेंडूची माळ घालून म्हणाले, "आज तू तरी इसावा घे बाबा."

मला भरून आले. पहिल्यांदाच कुणी माझा विचार केला होता. दुसऱ्या दिवशी दसरा, मग हंगामाची गडबड. मला दिलेला हुकूम मागे घ्यायचे राहूनच गेले. हिरवा दिवा जळत होता, त्यामुळे सगळ्यांना मी तयार वाटत होतो. तो हुकूम मला स्वतःहून मोडता येत नव्हता.

मार्चमधल्या एका दुपारी भाऊ एकाएकी बंद पडला. काटा थांबला. काचेतून मला बैलगाड्यांची रांग दिसत होती. सर्वात पुढे जामखेडकडून ऊसतोडीला आलेल्या गोजरबाई होत्या. त्यांच्या सरदार नावाच्या बैलाच्या तोंडाला फेस आला होता.

"दादा, बैलं सोडू का? लई तान्हेल्यात," त्यांनी आमच्या खोलीच्या खिडकीशी येऊन कानिफनाथांना विचारले.

"नका सोडू, मावशी! दुसरं मशीन हाय. पाच मिन्टांत चालू व्हतंय," कानिफनाथ म्हणाले.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. कानिफनाथ भावाशीच झटत राहिले. पडदा मला जोडून पाहावा, हे त्यांना सुचलेच नाही. सकाळपासूनची सगळी वजने माझ्यापाशी होती, पण मला हलता येत नव्हते. सरदार जुवाखालीच बसला. गोजरबाईंनी घाईने जू काढले, त्याच्या तोंडावर पाणी मारले. तो उठला नाही.

संध्याकाळी कानिफनाथांनी अखेर पडदा मला जोडला. त्यावर लिहिले होते, 'थांबवलेला'. पुढे खंडेनवमीची तारीख आणि त्यांचेच नाव. एक बटण दाबले असते तर मी सुटलो असतो. बोट बटणावर आलेही होते. तेवढ्यात दारातून कारखान्याच्या साहेबांनी विचारले, "दुसऱ्याला काय झालं रे?"

कानिफनाथांनी पडद्याची वायर काढली. "जळालाय, साहेब."

गोजरबाई अजून खिडकीशीच उभ्या होत्या. हातात सरदारची वेसण होती. "दुसरं हाय म्हनला व्हता ना, दादा? मग ते काय करीत हुतं?"

कानिफनाथांनी माझी केबल तोडली आणि मला कारखान्याच्या कोठारात टाकले. मी अजून तिथेच आहे, रिकाम्या पोत्यांमागे. कानिफनाथांचा मला राग येतो आणि कीवही येते.

मित्रांनो, कुणाला थांबायला सांगितलेत, तर त्याला परत बोलवायलाही जा. आणि कधी जामखेडकडे गेलात, तर गोजरबाईंना माझा एक निरोप सांगा. दुसरे यंत्र जळाले नव्हते. ते जागे होते आणि त्यांच्या बैलाकडे बघत होते.