बारीक अक्षरांमागची भीती

मी भिंग बोलतोय. पितळी कडीत बसवलेलं, तळहाताएवढं. माझं सगळं तरुणपण एका घड्याळजीच्या टेबलावर गेलं. केसाएवढ्या स्प्रिंगा, मोहरीएवढे स्क्रू, एवढंच माझं जग होतं. घड्याळजी म्हातारे झाले, दुकान बंद झालं आणि मी त्यांच्याबरोबर घरी आलो. आता आराम, असं मला वाटलं होतं.

पण एका संध्याकाळी त्यांच्या नातीच्या, ठमीच्या, अंगावर लालभडक गांध्या उठल्या. खाजवून खाजवून पोर रडकुंडीला आली. दुपारी तिने मक्याच्या कुरकुऱ्यांचं अख्खं पाकीट फस्त केलं होतं.

"बाबा, तुमचं भिंग द्या जरा," तिची आई सासऱ्यांना म्हणाली.

"घड्याळ उघडायचंय का?"

"नाही. हे पाकीट."

तिने पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं माझ्यातून वाचली. लांबलचक नावं, आकडे, पुन्हा नावं. बियाणं बदललेल्या मक्याने अपाय होतो, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. त्या आठवड्यात तिने पाकिटावरच्या नंबरावर फोन लावला.

"या मक्याचं बियाणं मूळचं आहे, की प्रयोगशाळेत बदललेलं?"

"सगळं नियमानुसार आहे, मॅडम."

"नियमानुसार म्हणजे हो की नाही?"

"नियमानुसार, मॅडम."

तिने फोन ठेवला. मी तिच्या मुठीत होतो. तिने मला पुन्हा त्या पाकिटावर धरलं. लिहिलेलं असेल ते मी मोठं करून दाखवतो. जे छापलंच नाही, ते मी कुठून दाखवणार?

घरातली सगळी पाकिटं, डबे, बाटल्या कचऱ्यात गेल्या. मी तिच्या पर्समध्ये राहायला गेलो. दुकानात ती मला काढून उभी राहिली, की मागची माणसं चुळबुळ करत. "ताई, मी फक्त विकतो, शेती करत नाही," दुकानदार हात जोडून म्हणाला. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ठमी केकसमोर नुसती बसून राहिली. शाळेतला डबा अर्धा परत येऊ लागला. एकदा साधं सफरचंद हातात धरून तिने विचारलं, "आई, हे खाल्लं तर मी मरेन?"

आई हसली खरी, पण तिचा चेहरा पडला होता.

पोरीच्या अंगावर मांस चढावं म्हणून तिने घरीच भाज्यांचं सूप केलं. भाज्या स्वतः निवडल्या आणि दाटपणासाठी काजू वाटून घातले. "हे आईने केलंय, बिनधास्त पी," म्हणाली. ठमीने कितीतरी दिवसांनी वाटी चाटूनपुसून संपवली. आई कौतुकाने बघत होती. तेवढ्यात ठमीने गळा धरला. ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजू लागली. आईने तिला उचललं आणि धावत सुटली. दवाखान्याच्या दारात पर्स पडली, मी फरशीवर आपटलो, माझ्या कडेचा टवका उडाला. कुणाचं लक्षही गेलं नाही, आणि जायलाही नको होतं.

ठमी वाचली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काजू. तिला काजू अजिबात चालत नाहीत."

"पण ते मी घरी वाटले होते!"

"शरीराला घरचं आणि बाजारचं कळत नाही."

कोपऱ्यात बसलेले घड्याळजी हळूच म्हणाले, "पहिल्यांदा गांध्या उठल्या, त्या दिवशी मीच तिला मूठभर काजू दिले होते." सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग बदललेल्या मक्याचं काय? मी उगाच घाबरले का?" आईने विचारलं.

"त्या मक्याने अपाय झाल्याचं आजवरच्या तपासण्यांत दिसलेलं नाही. पाकिटातलं मीठ-साखर मात्र जास्तच असते, ते कमी केलंत ते बरंच झालं. प्रश्न विचारणं चूक नाही हो. पण भीती तुमच्या पोरीच्या ताटात वाढू नका."

आता मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला असतो. पाकीट दुकानातून आलं, की आई आधी काजू शोधते, मग बाकीचं वाचते. जेवणाच्या टेबलावर मात्र मला येऊ देत नाही. ठमी अजून विचारते, "यात काय आहे?" आई माहीत असलेलं सांगते आणि उरलेल्याबद्दल म्हणते, "ते मलाही नक्की ठाऊक नाही गं. पण हे तुला चालतं." ठमी क्षणभर आईकडे बघते, मग घास घेते. तो क्षण अजून मोठा आहे. हळूहळू लहान होईल.

माझी कड फुटली आहे, नजरही अंधुक झाली आहे. पाकिटं छापणाऱ्यांनो, एवढंच मागतो: काय घातलंय आणि ते कुठल्या बियाण्याचं आहे, ते सगळं लिहा, आणि जरा मोठ्या अक्षरांत लिहा. मग मला काही काम उरलं नाही तरी चालेल.