छपराला हात लावू नये

तुळसाबाई थंडीनं मेली, असं तुम्ही तुमच्या सरकारी कागदावर लिहिलं आहे. खोटं आहे ते. तिला तुम्ही मारलं, आणि थोडं मी मारलं. माझ्या वाटणीचं मी इथं लिहितो. तुमच्या वाटणीचं तुम्ही लिहा.

माघात, घाटंजीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी गारा पडल्या. मुठीएवढ्या. अर्ध्या तासात वस्तीवरच्या छपरांची कवेलं फुटून घरात आली. मागून वारं सुटलं ते थांबेच ना. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी सावलीतल्या गारा विरल्या नव्हत्या.

वस्तीत घरं चौदा, माणसं दोन. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर आम्ही मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दवंडी देणं सोडलं. गावानं आम्हाला मजुरी देणं सोडलं. लोक घरांना कुलपं लावून यवतमाळकडे कामाला गेले. माझी बायको पंचफुला बाळंतपणाला आर्णीला, माहेरी. राहिलो मी आणि शेजारची म्हातारी तुळसाबाई. तिला तर कोणीच नव्हतं.

दवंडी द्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तुमचा हुकूम चिठ्ठीवर आला. पटवाऱ्याचा माणूस वस्तीत शिरलाही नाही. वाटेवरच्या बोरीच्या काट्याला चिठ्ठी टोचून गेला. मी दुकानांच्या पाट्या पाहून पाहून वाचायला शिकलेला. मीच ती काढून आणली.

तुळसाबाई तुऱ्हाटीची पेंढी घेऊन भिंतीवर चढायच्या बेतात होती.

‘थांब मावशी. लिहून आलं हाये. पाहणी होईपर्यंत छपराला हात लावू नये. हात लावल्यास नुकसान धरले जाणार नाही.’

‘म्हंजे?’

‘म्हंजे झाकू नको. साहेब पाह्यले येते.’

‘कवा?’

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

‘दोन-चार दिवसांत,’ मी म्हणालो. ‘लिहून हाये.’

लिहून नव्हतं. वाचता येणाऱ्या माणसाला ‘मले माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली.

तिनं पेंढी खाली टाकली. ‘बरं. आजवर पाटलाचं आयकलं, आता कागदाचं आयकू.’

माझ्या घराच्या एका कोपऱ्यावर कवेलं शाबूत होती. मी म्हटलं, इकडे येऊन राहा.

‘अन् साहेब आला तं? बारा घराले कुलपं पाह्यल्यावर माही चूल थंडी पाह्यली, की पडीक लिहीन तो. मी नाई हालत.’

मी गोधडी दिली. जळणाची पऱ्हाटी ओली होती, धूर व्हायचा, जाळ होत नव्हता. मी रोज सकाळी तिच्या दारात जाऊन बसायचो. दिवसभर बोलायला दुसरं कोणी नव्हतं, तिलाही आणि मलाही. ती छताच्या भोकाकडे बोट दाखवायची.

‘आभाय घरात येऊन बसलं बाप्पा. पाव्हणा हाये, पण चहा पेत नाई.’

पाचव्या दिवशी तिनं हसणं सोडलं. ‘चार दिवस झाले नं रे गोविंदा?’

‘रस्त्यात अडकला असन साहेब.’

हे दुसरं खोटं.

सहाव्या दिवशी तिला ताप चढला. छाती घरघरू लागली. मी भिंतीवर चढून तुऱ्हाटी पसरली, वर माती लिंपली. ती खालून म्हणत होती, ‘नको रे, लिहून हाये नं.’ मी झाकत राहिलो, पण तेव्हाही खरं बोललो नाही. पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो, तर ती साहेबाची वाट पाहत न बसता माझ्या कोपऱ्यात येऊन राहिली असती.

सातव्या दिवशी सकाळी ती गेली. तिरडीला चार खांदे लागतात. तिघांसाठी मी दोन कोस चालत गेलो. तोवर ती झाकल्या छपराखाली एकटीच होती.

अकराव्या दिवशी तुमचा साहेब आला. तुळसाबाईच्या दारात उभा राहून वर पाहिलं.

‘हे झाकलेलं आहे.’

‘बाई मेली साहेब. तिच्यासाठी झाकलं.’

‘मेल्याचं रजिस्टर वेगळं.’

लिहिलं, छप्पर शाबूत, नुकसान नाही. माझं छप्पर मी तसंच उघडं ठेवलं होतं. साहेबानं माझ्या नावापुढे नुकसान मांडलं. मला नमस्कारही केला जाताना, वाचता येतं म्हणून.

मी दोनदा खोटं बोललो. ते इथं सही करून कबूल करतो. तुमची चिठ्ठी माझ्याजवळ आहे. शिक्का आहे, सही आहे, हात लावू नये आहे. साहेब कधी येणार, ते नाही. ते तुम्ही काहून लिहिलं नाही? उत्तर तोंडी नको, कागदावर पाठवा. पुन्हा बोरीला टोचलं तरी चालेल. काढून आणायला मी एकटा आहे इथं. पण या खेपेला तारीख घालून लिहा.