क्लोव्हिसने केलेला जोड

अल्सिडने माळ्याच्या झडपेतून डोकं आत घातलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. ऑगस्टची दुपार छपराखाली कोंडून भट्टीसारखी तापली होती.

"मेन स्विच पाडलायस ना?" त्याने खाली विचारलं.

"पाडलाय, पापा. दोनदा पाहिलं." शिडी धरून उभी असलेली त्याची सून जॅनेल म्हणाली. "या वयात वर चढायचं कशाला? मिस्त्री बोलावला असता."

"बोलाव. म्हणजे मला त्यालाही शिकवत बसायला नको."

ती हसली नाही. मार्चमध्ये क्लोव्हिस गेल्यापासून त्या घरात कुणी फारसं हसत नव्हतं. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाची पाळी चालू असतानाच त्याचं हृदय बंद पडलं होतं. अल्सिडचा तो एकुलता एक मुलगा.

तुळयांवर पाय जपून टाकत अल्सिड माळ्यातली गरम हवा बाहेर फेकणाऱ्या, पण आता बंद पडलेल्या पंख्यापाशी पोचला. पातं बोटाने ढकललं. ते सहज फिरलं, म्हणजे मोटर अडकली नव्हती. उष्णता वाढली की पंखा चालू करणारं बटण त्याने टेस्टरने तपासलं, तेही ठीक होतं. मग मोटरशेजारच्या डबीचं झाकण उघडलं आणि करपट वास त्याच्या नाकात शिरला.

दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी वितळली होती, तांबं काळं पडलं होतं. शेजारच्या तुळईवर तळहाताएवढा जळका डाग होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर छप्पर पेटलं असतं.

पीळ उलट्या बाजूने दिलेला होता. क्लोव्हिस डावखुरा होता.

"गेल्या उन्हाळ्यात त्यानेच दुरुस्त केला होता," खालून जॅनेलचा आवाज आला. "मी म्हटलं, पापांना बोलाव. म्हणाला, या वेळी नाही. तुम्ही आलात की दाखवणार होता. मग राहूनच गेलं."

अल्सिडने त्या पिळावरून अंगठा फिरवला. पोराच्या हातातली पक्कड त्याने किती वेळा काढून घेतली होती! 'सरक, तुला नाही जमायचं.' पोरगा मुकाट्याने सरकायचा आणि बापाच्या हातांकडे बघत राहायचा. पुढे पुढे त्याने बघणंही सोडलं.

अल्सिडने जळलेला भाग कापला, खिशात टाकला. नवी वायर जोडली, जोडावर प्लास्टिकची टोपी घट्ट फिरवली, डबी बंद केली. तरी तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला त्याने हात वर केला नाही.

तो खाली आल्यावर जॅनेलने स्विच वर केला. माळ्यावर घरघर सुरू झाली. तिने त्याच्या हातात थंड चहाचा ग्लास दिला.

"काय झालं होतं? त्याचा जोड सुटला होता का?"

"छे! जोड पक्का होता." अल्सिडने ग्लासातल्या बर्फाकडे पाहिलं. "कंडेन्सर गेला होता. जुनी वस्तू, कधी ना कधी जायचीच."

"म्हणजे चांगलं काम केलं होतं त्यानं?"

"चांगलं केलं होतं. मीही तसंच केलं असतं."

जॅनेल ओट्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"पापा, परवा वास आला म्हणून मी वर गेले होते," ती हळूच म्हणाली. "ती तुळई पाहिलीय मी."

अल्सिडने मान खाली घातली. त्याने ग्लास ओट्यावर ठेवला, पण हात तिथेच राहिला.

तिने पुढे होऊन तो हात दोन्ही हातांत धरला.

"तरी पुन्हा एकदा म्हणा."

त्याने दुसरा हात खिशातल्या जळक्या तुकड्यांवर दाबला.

"चांगलं केलं होतं पोरानं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं, पापा."