उणे पाच

अंध मुलींच्या शाळेत ब्रेलची छपाई बघणाऱ्या बाईंना त्या फुकटच्या प्रोग्रॅमने अगदी नको जीव केला होता. बाकी सगळं सरळ छापायचा, पण उणे चिन्ह आलं की पुढच्या आकड्याची खूण गिळायचा मेला! ब्रेलमध्ये आकड्यांचे आणि अक्षरांचे ठिपके तेच. आधी खूण असली तर आकडा, नाहीतर अक्षर. म्हणजे उणे पाचचं व्हायचं उणे ए. आणि यंदा तर शेवटच्या वर्गाची परीक्षा. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीची कॉलेजातली जागा गणिताच्या गुणांवर अडलेली.

बाईंनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, ‘कोड सगळ्यांना खुला आहे. तुम्हीच दुरुस्त करून पाठवा.’

“ऐकलंत? म्हणे तुम्हीच करा!” बाई नवऱ्यावरच डाफरल्या, जणू त्यानेच ते लिहिलं होतं. पण पेटल्या हट्टाला. चार महिने शाळा सुटली की कोडशी डोकेफोड. नणंद प्रोग्रॅमर, तिचं डोकं खाऊन खाऊन पार भुगा केला. शेवटी एकदाचं उणे पाच नीट छापून आलं. बाई तशाच वर्गात धावल्या.

“झालं गं दुरुस्त! आता डोळे मिटून विश्वास ठेवा.”

“ते तर आम्हाला जमतंच, बाई!” मुली खो खो हसल्या.

दुरुस्ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पाठवली, तर तिकडून नखरे: मांडणी आमच्या पद्धतीची नाही, चाचण्या जोडा. आपल्या मशीनवर चालतंय ना, मग गेले उडत, म्हणाल्या बाई.

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी बाई दोन दिवस रजेवर होत्या. तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्याने सगळ्या मशीनवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली. बाईंची दुरुस्ती पुसली गेली. परत आल्यावर त्यांनी गणिताचा पेपर छापला आणि तपासला नाही. स्वतःच्या हातच्या कामावर कोण संशय घेतं?

निकाल लागला. “तुम्ही त्यात हात घातलात तेव्हाच मला धाकधूक होती,” हेडबाई म्हणाल्या. नव्या आवृत्तीनेच दुरुस्ती पुसली, असं बाईंनी घसा फोडून सांगितलं, पण ऐकतंय कोण!

ती हुशार मुलगी गणितात आपटली होती. बाईंनी तिला जवळ घेतलं. “अगं, गेल्या वर्षीही असंच छापलं होतं. तेव्हा तर सगळ्या पास झालात!”

“तेव्हा माहीत होतं ना, बाई. उण्यापुढे अक्षर आलं की आम्ही आकडाच धरायचो. या वेळी तुम्ही दुरुस्त झालं म्हणालात, म्हणून अक्षर धरलं.”