काहीतरी शिक्षा द्या

"गुन्हा सिद्ध झालाय. शिक्षा काही नाही. जा तुम्ही," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरी फाइल ओढली.

हवालदार जागचे हलले नाहीत. सगळी पलटण त्यांना मामा म्हणायची. टोपी आणि पट्टा बाहेर काढून ते उघड्या डोक्याने उभे होते. आरोपीने असंच उभं राहायचं असतं. गुन्हा त्यांना कबूलच होता. शस्त्रागाराची किल्ली छावणीबाहेर न्यायची नाही, हे त्यांनीच पोरांकडून घोकून घेतलेलं. आणि बायको जिन्यावरून पडल्याचा निरोप आला, तेव्हा ते स्वतःच किल्ली कमरेला लटकवून इस्पितळात धावले. बंद दारासमोर अख्खी तुकडी ताटकळली, नेमबाजीचा सराव बोंबलला.

"साहेब, कोठडी द्या. पगार कापा. काहीतरी शिक्षा द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "वेडबिड लागलंय का? इतक्या नोकरीत एक डाग नाही तुमच्यावर. घरचं कारण खरं आहे. कायद्यात सोय आहे, ती वापरली."

"डाग तर आता लागला ना, साहेब! शिक्षा भोगली की माणूस मोकळा होतो. हे असलं संपायचं कधी?"

"हवालदार, निघा आता."

मामा चडफडत बाहेर पडले. दयेचं हे एक वाईट असतं, ती नको म्हणायची सोय नसते.

घरी बायको पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. "सुटलात ना एकदाचे? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"सुटलो नाही गं. सोडून दिलं."

"त्यात काय फरक?"

फरक होता, पण सांगता येईना. त्या तिरमिरीत ते बोलून गेले, "तू निरोप धाडायलाच नको होतास."

तिने पाय तेवढा चादरीखाली घेतला. मामांना स्वतःचीच लाज वाटली, आणि रागही आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराचा ताबा हुद्द्याने खालच्या एका नायकाकडे गेला. हा नायक मामांच्याच हाताखाली तयार झालेला. "शिक्षा नाही हं मामा, नुसता बदल," कारकून गोड आवाजात म्हणाला. मामांना फाटकावरचा पहारा मिळाला. पहाऱ्याला रायफल लागते, म्हणून ते शस्त्रागाराच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले.

"मामा, पुढे व्हा की," कुणीतरी म्हणालं.

"रांगेत आहे मी."

त्यांची पाळी आली. नायक गडबडून उठला आणि त्याने काही न विचारता रायफल पुढे केली.

"ओळखपत्र माग," मामा म्हणाले.

"मामा, तुम्हाला काय आम्ही ओळखत नाही?"

"माग म्हणतो ना!"

नायकाने मान खाली घालून हात पसरला. मामांनी खिशातून ओळखपत्र काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.